बाद चादरींच्या बाहुल्या

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही शिबिरवाल्या बाईंनी दिली. म्हणाल्या, "रोज जे घडेल ते लिहा. कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही." कुणी वाचणारच नसेल तर लिहायचं कशाला, हे विचारायचं राहून गेलं. पाय इतके दुखत होते की खुर्चीतून उठवेना, तोवर बाई पुढच्या टेबलाला वह्या वाटायला गेल्यासुद्धा.

तर लिहिते. मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागाची इन्चार्ज. एकोणीस वर्षं झाली. माझ्या पाळीत दिवसाला पाच-सहाशे कपडे येतात: चादरी, अभ्रे, पेशंटचे सदरे, ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे. हाताखाली तीन माणसं. मशीन लावणारा आणि ट्रॉली ढकलणारा एक, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. दुसरे इस्त्रीवाले काका, यंत्रांच्या आवाजाने उजवा कान गेलेला, दोन वर्षांनी रिटायर होतील. तिसरी शिवणवाली. फाटलेलं सगळं तिच्या टेबलावर जातं.

वरून हुकूम आलाय. प्रत्येक विभागाने मिळून काहीतरी नवं तयार करायचं आणि १८ मार्चला मुलांच्या वॉर्डात करून दाखवायचं. कशासाठी, तर सांघिक काम आणि नेतृत्व शिकायला. त्याचंच हे शिबिर. नेतृत्व! एकोणीस वर्षं मी काय गवत उपटत होते?

यादीत आमचा विभाग पहिला आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरात थिएटरच्या एका हिरव्या कापडाच्या कडेत सुई निघाली आणि नर्सच्या बोटात घुसली. मेट्रननी मला विचारलं, हे कोण शिवतं? मी नाव सांगितलं. खोटं काय सांगितलं त्यात? तीच शिवते. तिला मेमो मिळाला, थिएटरचे कपडे तिच्याकडून काढून घेतले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

घरी यायला उशीर झाला. संध्याकाळी सगळे गेले की टेबलावरचे कपडे मी एकदा नजरेखालून घालते. शिवणवालीचे टाके लांब पडतात. चार-दोन मी पुन्हा घालते. कुणाला सांगत नाही, सांगण्यासारखं काय त्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिबिराचा पहिला वर्ग. बाईंनी प्रत्येक विभागाला वीस कागद आणि चिकटपट्टी दिली. सर्वांत उंच मनोरा करा म्हणाल्या, वेळ पंधरा मिनिटं.

आमचा सर्वांत उंच झाला. स्वयंपाकघरवाल्यांचा तर दोनदा कोसळला आणि त्यावर ते लोळून लोळून हसत होते. मला वाटलं बाई शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "छान. यात कुणी काय केलं?"

मी म्हटलं, "मी कागद गुंडाळले आणि रचले."

"आणि बाकीच्यांनी?"

"त्यांनी मला कागद दिले."

रेडिओ म्हणाला, "मी चिकटपट्टी पण दिली." सगळे हसले. बाईंनी नुसतं लिहून घेतलं. ज्याचा मनोरा उभा राहिला त्याचं कौतुक नाही, पडला त्याला टाळ्या. असलं शिक्षण.

१० फेब्रुवारी, सोमवार

दोन नंबरचं मशीन पुन्हा गळतंय. दिवसभर चपला ओल्या.

करायचं काय यावर डब्याच्या सुट्टीत बोलणं झालं. काका म्हणाले, "आपल्याकडे चिंध्यांशिवाय आहे काय?" त्यावरून बाहुल्यांचं निघालं. बाद चादरी ढिगाने पडल्यात, त्यांच्या बाहुल्या करायच्या, हातात घालून नाचवायच्या. ठीक आहे. गोष्ट मी लिहिते म्हटलं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सर्वांना पसंत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी चार पानं लिहून नेली होती. नाव 'स्वच्छतेचे महत्त्व'. एक जंतू येतो, मग साबण येतो आणि त्याला सगळं समजावून सांगतो. वाचून संपवलं तेव्हा काका झोपले होते. शिवणवाली तिच्या नखांकडे बघत होती. रेडिओ पहिल्यांदाच गप्प होता, तेच मला लागलं.

बाईंनी विचारलं, "अजून कुणाकडे काही?"

रेडिओने डोकं खाजवलं. "म्हणजे असं बघा, एक मोजा असतो. लहान पोराचा. तो धुलाईत येतो आणि त्याचा जोडीदार हरवतो. मग तो सगळ्यांना विचारत सुटतो, माझा भाऊ पाहिला का? अभ्रा म्हणतो मी झोपेत होतो. डॉक्टरचा कोट म्हणतो आधी नंबर लाव."

काका जागे झाले. "इस्त्रीला घाला की! इस्त्री म्हणेल, जवळ ये, मग सांगते."

शिवणवाली हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मग तिघेही एकदम बोलायला लागले, कोण काय म्हणेल ते. बाईंनी हात वर करायला सांगितले. तीन विरुद्ध एक. चार पानं मी पर्समध्ये ठेवली. वाईट वाटलं नाही. फक्त एवढी चार पानं लिहिण्याआधी कुणी थांबवलं असतं तर माझी रविवारची झोप तरी वाचली असती.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी म्हणायची नुसती. मुलाच्या शर्टांच्या घड्या सुनेने घातल्या होत्या, बाह्या आत न दुमडता. मी सगळ्या मोडून परत घातल्या. ती दारात उभी होती. म्हणाली, "आई, तुम्ही परत करताच ना सगळं, मग उद्यापासून मी घालतच नाही."

मी म्हटलं, "अगं, तुला मदत म्हणून केलं." ती स्वयंपाकघरात निघून गेली. आजकालच्या मुलींना चांगलं केलेलं दिसत नाही. अंगात कणकण आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाहुल्या आकाराला येतायत. काकांनी जुन्या चादरीच्या पट्ट्या इस्त्री करून इतक्या कडक केल्यात की कोटाची कॉलर आपोआप उभी राहते. रेडिओने तुटलेल्या बादलीची कडी आणून मोज्याला आतून घट्टपणा दिला. मोजा शिवणवालीने शिवलाय. सगळं ठीक, पण तोंड तिरकं. एक कोपरा खाली, एक वर. नायकाचंच तोंड वाकडं, आणि खेळ बघायला मेट्रन येणार, मोठे डॉक्टर येणार.

मी तो पिशवीत घालून घरी आणला. तोंड उसवून सरळ शिवलं. विभागातल्या जाड सुया मला चालत नाहीत, माझ्या बारीक असतात, सोनेरी नेढ्याच्या, बहीण पाठवते. मध्येच सुनेने जेवायला हाक मारली म्हणून उठावं लागलं, परत येऊन उरकलं. आता कसा नीटनेटका दिसतोय. उद्या बघून खूश होईल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू.

शिवणवालीने मोजा हातात घेतला. वळवून पाहिला. म्हणाली, "हे माझं नाही."

मी म्हटलं, "तोंड जरा सरळ केलं. वाकडं दिसत होतं."

"ते वाकडंच हवं होतं. एका बाजूने पाहिलं की तो हसतो, दुसऱ्या बाजूने पाहिलं की रडवेला होतो. दोन दिवस लागले होते मला."

मला काय माहीत! सांगायला नको आधी? मी तेच म्हणणार होते, तोवर तिने मोजा हातात चढवायला घेतला आणि थांबली. कडेला चिमटीत काहीतरी धरलं, ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. सुई. सोनेरी नेढ्याची.

रेडिओ म्हणाला, "बाप रे. पोराच्या हातात गेली असती." मग त्याने तिच्या आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. काकांना नीट ऐकू आलं नव्हतं, ते विचारत राहिले, "काय झालं? काय झालं?"

मला वाटत होतं की शिवणवालीने ओरडावं. ती मोज्याचं तोंड उसवत बसली.

जेवायला उठले तेव्हा खोचून ठेवली असणार. माझी तशी सवय आहे, हातातलं टाकून उठायचं झालं की सुई कडेला खोचायची.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मशीन दुरुस्त करायला माणूस आला नाही. दुसरं काही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनच्या खोलीत साबणाच्या मागणीचं पत्र द्यायला गेले. त्या राऊंडला होत्या. तक्रारींचं रजिस्टर कपाटावरच असतं. मी डिसेंबर काढला. पानावर ती सुई चिकटपट्टीने लावून ठेवली आहे, खाली तारीख. तेव्हा त्यांनी मला दाखवली होती, पण मी नीट पाहिली नव्हती. सुई ती सुई, त्यात काय बघायचं, असं वाटलं होतं.

बारीक. लांब. नेढं सोनेरी.

रजिस्टर जागेवर ठेवलं आणि खाली येऊन दोनशे अभ्रे मोजले. दोनदा चुकले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सांगायचं म्हणून तीनदा मेट्रनच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा आत कुणी होतं. तिसऱ्यांदा आत कुणी नव्हतं आणि फोनही वाजत नव्हता. परत आले.

मनात सारखं येतं, आता उकरून कुणाचं भलं होणार? तिचा मेमो कधीच फायलीत गेला. माझी नोकरीची सहा वर्षं राहिलीत, ती शांतपणे जावीत एवढंच तर मागणं. आणि मी काही मुद्दाम केलं नव्हतं. मी तर तिचंच काम सुधारत होते.

हे वाक्य लिहून झाल्यावर खूप वेळ बघत बसले. खोडावंसं वाटलं, पण राहू दे.

३ मार्च, सोमवार

सांगितलं.

मेट्रन चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही शिवता? पण ते तुमचं कामच नाही."

"संध्याकाळी. सगळे गेल्यावर."

"कधीपासून?"

मला आकडा सांगवेना. म्हटलं, "बरीच वर्षं."

त्यांनी उसासा टाकला. "इन्चार्जबाई, मिटलेलं प्रकरण आहे. कशाला उगीच हात दाखवून अवलक्षण? आणि तसंही," त्यांनी टेबलावरच्या कागदांवर बोट ठेवलं, "तिचा बदलीचा अर्ज आलाय. बाहेरच्या रुग्णांच्या इमारतीत. महिनाअखेर जाईल. मग प्रश्नच संपला."

अर्जाचं मला माहीत नव्हतं. महिन्याभरापूर्वीचा आहे म्हणे. माझी सही लागत नाही, म्हणून माझ्यापर्यंत आलाच नाही.

मी म्हटलं, "मला लिहून द्यायचंय." त्या म्हणाल्या, विचार करा. मी तिथेच बसून लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की दुसरा कागद मागावासा वाटला, पण मागितला नाही, तोच दिला.

४ मार्च, मंगळवार

डब्याच्या सुट्टीत तिघांसमोर सांगितलं. काकांसाठी मोठ्याने सांगावं लागलं. असली गोष्ट मोठ्याने सांगणं म्हणजे काय असतं ते मला आज कळलं. रेडिओ खाली मान घालून डब्याचं झाकण फिरवत होता.

शिवणवाली म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मेट्रननी ती सुई माझ्यासमोर धरली होती. आपल्याकडे तसल्या सुया येतात का? तुमच्याच डबीत पाहिल्या होत्या मी. मी त्यांना म्हटलंही, ही माझी नाही, इन्चार्जबाईंची असेल. त्या म्हणाल्या, इन्चार्ज कशाला शिवायला बसतील? वर म्हणाल्या, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलू नको."

मी म्हटलं, "चुकलं माझं. मी तुझे टाके..."

"एक विचारू? माझे टाके इतके वाईट असतात?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. "लांब पडतात," म्हटलं.

"थिएटरच्या कापडाला लांबच घालायचे असतात. रोज वाफेत जातं ते, आवळतं. जवळजवळ टाके घातले की कडेला चुण्या पडतात, तिथूनच फाटतं. मला वाटायचं, माझंच शिवलेलं परत परत का फाटून येतं? वेडी झाले होते मी विचार करून."

काकांनी विचारलं, "काय म्हणतेय?" रेडिओ त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाला, "काही नाही काका. टाक्यांचं."

मी हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू ठेवला.

६ मार्च, गुरुवार

मला मेमो आला. एकोणीस वर्षांत पहिला. तिचा मागे घेतल्याचं पत्र त्याच शिपायाने आणलं, एकाच वेळी, दोघींच्या सह्या एका पानावर घेतल्या. तिने सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. बरं वाटायला हवं होतं. नुसती दमले होते.

ती बदलीबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

९ मार्च, रविवार

शर्टांना हात लावला नाही. सून दोनदा खोलीत येऊन बघून गेली. रागावलीय बहुतेक अजून. दुपारी न मागता चहा आणून दिला आणि दारातच घुटमळली. तिचं काय चाललंय मला कळत नाही.

१२ मार्च, बुधवार

कामं वाटून झाली होती. मी थिएटरला कपडे पोचवून येईपर्यंत तिघांनी ठरवून टाकलं. मोजा रेडिओकडे, इस्त्री अर्थातच काकांकडे, अभ्रा आणि डॉक्टरचा कोट शिवणवालीकडे. कुणी कधी यायचं, कुणी कधी थांबायचं, तेही तीच सांगत होती. काकांना ऐकू येत नाही म्हणून त्यांची वेळ झाली की ती पायाने त्यांच्या पायाला ढोसते. मला हे सुचलं नसतं. मी त्यांना बाहेर बसवलं असतं.

"आणि मी?" विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिवणवाली म्हणाली, "तुम्ही पडदा धरा. दांडीला आधार नाही, कुणीतरी मागून धरायला हवी. हलली की सगळं उघडं पडेल."

म्हणजे इन्चार्जबाई खांब. बरं.

तालीम तीनदा झाली. काकांनी तिसऱ्यांदाही चुकीच्या जागी वाक्य घेतलं. माझ्या ओठांवर आलं होतं. शिवणवालीने खेळ थांबवला नाही, मोज्याला म्हणायला लावलं, "इस्त्रीमावशी, तुम्ही फार लवकर तापता बुवा." काका खूश. आता ते तसंच ठेवणार आहेत.

खांदे भरून आलेत. पेन धरवत नाही.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी बाहुल्या पिशवीत भरताना पाहिलं, डॉक्टरच्या कोटाची मान सैल आहे. दोनच टाक्यांवर डोकं. सुई-दोरा शेजारीच होता. खोलीत मी एकटीच. उचलला, खाली ठेवला. शिवणवाली आल्यावर म्हटलं, "मान सैल वाटते."

ती म्हणाली, "राहू दे." मी राहू दिली. एवढं करायला मला किती जड गेलं ते कुणाला सांगून पटणार नाही.

मुलांच्या वॉर्डात पलंग कडेला सरकवले होते. पंचवीस-तीस मुलं, कुणाच्या हाताला सलाईन, कुणी आईच्या मांडीवर. मेट्रन मागे उभ्या होत्या. मी पडद्यामागे दोन्ही हात वर करून दांडी धरली आणि नंतर मला काहीच दिसलं नाही. समोर फक्त बाद चादरीची मागची बाजू आणि खाली तिघांची डोकी. जे झालं ते मी ऐकलं.

रेडिओचा मोजा, "माझा भाऊ पाहिला का हो?" एक मूल ओरडलं, "पलंगाखाली बघ!" रेडिओ म्हणाला, "पाहिलं, तिथे नर्सबाईंची चप्पल निघाली." हशा. काकांची इस्त्री वेळेवर आली. मग डॉक्टरचा कोट आला आणि म्हणाला, "आधी नंबर लाव, मग रडायचं." आणि काहीतरी टप्पकन पडलं, घरंगळत गेलं. माझ्या हातातली दांडी हलली. मी म्हटलं, झालं. आता संपलं.

"अरे अरे," शिवणवालीचा आवाज, "डॉक्टरांचं डोकं गेलं! ओपीडी बंद!"

मग जो काही गोंधळ उठला! इतकं हसणं मी त्या वॉर्डात एकोणीस वर्षांत ऐकलं नाही. कुणीतरी ओरडत होतं, "मी देतो, मी देतो डोकं," पावलं धावत आली. ती त्याला विचारत होती, "उलटं नाही ना लावलंस?" तो हसून हसून खोकत होता.

दांडी मी सोडली नाही. घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता.

संपल्यावर तिघांना विचारत सुटले, मान सुटली तेव्हा नक्की काय झालं? रेडिओ म्हणाला, डोकं पहिल्या रांगेपर्यंत गेलं. काका म्हणाले, तिसऱ्या. शिवणवाली पिशवी आवरत होती. म्हणाली, "सुटली नाही. सोडली. दोन टाके कशाला ठेवले होते मग?"

शिबिरवाल्या बाई भेटल्या. "तुम्ही कुठे होता? दिसला नाहीत," म्हणाल्या. पडद्यामागे होते म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

१९ मार्च, बुधवार

खेळ संपला, कपडे संपले नाहीत. काल दिवसभर काम तुंबलं आणि आज घड्या घालायचं यंत्र बंद. वॉर्डांतून फोनवर फोन, चादरी पाठवा. रेडिओ मशीनपाशी अडकलेला, काका इस्त्रीवर. मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला जमत नाही, तरी मी एक टोक टेबलाला दाबून कशीबशी घालत होते.

शिवणवाली तिचं काम बाजूला ठेवून आली आणि दुसरं टोक उचललं. मेट्रनचा सकाळीच फोन आला होता, अर्ज पुढे पाठवू का, तिने अजून काही सांगितलेलं नाही. मी तिला तो निरोप दिला. ती म्हणाली, "महिनाअखेरीला अजून अवकाश आहे." एवढंच.

चादर ताणून धरली. मध्ये अख्खी चादर, या टोकाला मी, त्या टोकाला ती. घाईत मी माझ्याकडे खेचायला लागले. तिच्या हातातून टोक निसटता निसटता राहिलं.

"ओढू नका हो," ती म्हणाली. "धरा नुसतं. मी येतेय तुमच्याकडे."

मी धरून उभी राहिले. चाळीस चादरी झाल्या.